भरती, भराव आणि भरपाई

मराठीतल्या ‘भरणे’ ह्या क्रियापदाचा संसार मोठा आहे. दिवाळीच्या दिवसांत तर घरोघर त्याचेच राज्य असते. फराळाचे डबे भरायचे, करंज्यांत सारण भरायचे, रांगोळीत रंग भरायचे, माहेरवाशिणीची ओटी भरायची. आणि एवढे सगळे भरून झाल्यावर वाण्याचे बिल भरायचे राहते ते राहतेच. शब्दांकडे असे पाहण्याची सवय मला शाळेत मराठी शिकवता शिकवता लागली आणि निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही. ह्या क्रियापदाच्या गोतावळ्यातले तीन शब्द गेली काही वर्षे माझ्या मनात घोळत आहेत: भरती, भराव आणि भरपाई. पहिला समुद्राचा, दुसरा माणसाचा आणि तिसरा कायद्याचा. ह्या तिघांचे एकमेकांशी नाते काय, आणि दुसऱ्याने केलेले तिसऱ्याने खरोखर फिटते काय, एवढाच प्रश्न मला वाचकांपुढे ठेवायचा आहे.

हे शब्द मला कोशात शोधावे लागले नाहीत. मी वसईतल्या होळीचा राहणारा. होळी म्हटले की परगावच्या माणसाला शिमगा आठवतो. पण आमची होळी म्हणजे वसईच्या जुन्या वस्तीतला एक बाजार आणि त्याच्या भोवतीचे गाव. सकाळी येथे वाडीतली भाजी येते, केळी येतात, फुलांच्या पाट्या येतात, आणि पाचूबंदराच्या कोळणी मासळी घेऊन बसतात. वसईला पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाची खाडी, उत्तरेस वैतरणा आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. मधून सोपाऱ्याची खाडी शिरलेली. एके काळी ह्या खाडीतून शूर्पारकाच्या बंदरात गलबते येत, आणि त्याच सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. गाळ साचला, बंदर संपले. तेव्हा वसईकराला जमीन आणि पाणी ह्यांची सीमा कायमची असते असा भ्रम होण्याचे वास्तविक कारण नाही. वसईच्या किल्ल्यालाही दोन बाजूंनी पाणी आणि पूर्वेला दलदल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला, तेव्हा ह्या भूगोलाने मराठ्यांना किती दमवले हे इतिहासाच्या पुस्तकांत आहेच.

ह्या खाड्यांच्या काठाने जे रान उभे असते, त्याला आम्ही तिवरांचे रान म्हणत आलो. सरकारी भाषेत त्याला कांदळवन म्हणतात. रान म्हणावे असा त्याचा रुबाब नाही. उंच वृक्ष नाहीत, सुगंधी फुले नाहीत, सावलीला बसावे तर खाली गुडघाभर चिखल. सहलीला कोणी तेथे जात नाही आणि कवींनीही त्याची फारशी दखल घेतलेली नाही. परंतु जरा थांबून पाहिले तर असे कष्टाळू झाड दुसरे सापडणार नाही. चिखलात हवा नसते म्हणून तिवराची मुळे पेन्सिलीसारखी सरळ वर येतात आणि ओहोटीच्या वेळी उघड्यावर श्वास घेतात. मुळांतून वर आलेले मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. उन्हात पान जिभेला लावून पाहा, खारट लागते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते. शेंगेसारखा लांब कोंब आईच्या अंगावर वाढतो आणि पुरेसा जाणता झाला म्हणजे खाली चिखलात उतरतो. ज्या जमिनीवर दिवसातून दोनदा पाणी चढते तेथे लेकराला बीजरूपाने सोडून देणे धोक्याचे, हे त्या झाडाला कोणी शिकवले असेल?

ह्या मुळांच्या जंजाळात कोळंबीची आणि बोईटाची पिल्ले लहानाची मोठी होतात. चिंबोरी बिळे करते, निवटी चिखलावरून उड्या मारीत जाते. पाण्याबरोबर आलेला गाळ मुळांशी अडतो आणि किनारा धरून राहतो. वादळात लाटेचा जोर ह्या रानात मोडतो. १९९९ मध्ये ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले, त्याचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ज्या गावांपुढे अशा रानाचा रुंद पट्टा शिल्लक होता तेथे मृत्यू कमी झाल्याचे आढळले. हे सगळे काम विनावेतन चालते. आणि विनावेतन कामाची नोंद आपण घरात घेत नाही तशी बाहेरही घेत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यात लागवडीला निरुपयोगी जमिनीला ‘पोटखराबा’ असे नाव आहे. हा शब्द लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याला फक्त शेतसारा मोजायचा होता. पण एकदा एखाद्या वस्तूला खराब म्हटले की तिच्याशी कसेही वागायला मन मोकळे होते.

आता भरतीचे पाहा. समुद्र दिवसातून दोन वेळा आत येतो आणि दोन वेळा मागे जातो. ‘भरती’ ह्या शब्दात ‘ओहोटी’ गृहीतच आहे. समुद्राचे देणे हे उसनवारीचे देणे असते. तो पाणी ठेवून जात नाही, फक्त गाळ, मासळी आणि मीठ ठेवून जातो. तिवरांचे रान ह्या येण्याजाण्यावर जगते. नुसते पाणी राहिले तर ते गुदमरते, नुसती जमीन राहिली तर ते वाळते. म्हणून ही जागा जमीन की पाणी, असा प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. ती दोन्ही आहे, पाळीपाळीने.

आपल्या पूर्वजांनी ह्या रानाला कधी हात लावला नाही असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. कोकणपट्टीत शेकडो वर्षे माणसे खाडीला बांध घालून खाजणे करीत आली. तिवरे तोडून तेथे भात पिकवीत आली, मिठागरे आखीत आली. मुंबई शहर तर अशाच उद्योगावर उभे आहे. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला, वरळीकडून आत शिरणारी भरती थांबली आणि पुढे त्या पाणथळीची शहरवस्ती झाली. ह्या अंकाचे कितीतरी वाचक आज अशाच जमिनीवर बसून हा लेख वाचत असतील. त्यांना अपराधी ठरवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माणसाला राहायला जागा लागते, खायला भात लागतो, भाताला मीठ लागते.

पण त्या जुन्या बांधात आणि आजच्या भरावात एक फरक आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. खाजणाच्या बांधाला उघाडी असे. ओहोटीला आतले पाणी झडप ढकलून बाहेर जाई. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटे. बांध फुटू नये म्हणून गावाला दर वर्षी एकत्र येऊन डागडुजी करावी लागे. म्हणजे ज्याने समुद्राची जागा घेतली होती, त्याला समुद्राची आठवण रोज ठेवावी लागत असे. आणि हात आखडता घेतला, बांध पडू दिला, तर थोड्याच वर्षांत तिवरे परत उगवत. मिठागराचेही तसेच, भरतीचे पाणी आत घेतल्यावाचून त्याचे चालत नाही. हे घेणे होते, परंतु परतीची वाट ठेवून केलेले घेणे होते.

भरावाला उघाडी नसते. मुरूम, माती, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा ट्रकांनी येतो, मुळांवर पडतो, आणि खाडीला आपण येथे येत होतो ह्याची खूणसुद्धा राहत नाही. कधी नुसता एक लहान बांध घालून भरती अडवली तरी पुरते. झाडे आपोआप वाळतात, आणि मग ‘येथे झाडे नव्हतीच’ असे म्हणायला जागा तयार होते. १९९० मध्ये ह्या भागाचे नियोजन सिडकोकडे गेले, त्याच्या मागेपुढे वसईत टोलेजंग वस्तीची लाट आली. तिच्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या नावाने उभे राहिले, लोक रस्त्यावर उतरले. पुढे ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आणि २०२४ मध्ये आपल्यातून गेलेले हे फादर वाड्यांविषयी, विहिरींविषयी, बावखलांविषयी बोलत. त्या चळवळीमुळे पश्चिमेचा हिरवा पट्टा काही प्रमाणात तगला. पण माणसांचा लोंढा खरा होता. मुंबईत ज्यांना एक खोली परवडत नव्हती ते नालासोपाऱ्याला, विरारला आले. त्यांना कोणत्या तोंडाने परत जा म्हणावे?

माझा एक भाचा त्यांतलाच. गिरगावातल्या चाळीत वाढला, लग्नानंतर वसईच्या पूर्वेला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. आयुष्याची पुंजी त्यात गेली. घर घेताना त्याला समोर जमीन दिसली; ती दहा वर्षांपूर्वी काय होती हे त्याला कोणी सांगितले नाही आणि त्याने विचारण्याचे कारणही नव्हते. जुलै २०१८ मध्ये पाऊस कोसळला, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या, मिठागरांतली शेकडो माणसे अडकली, आणि भाच्याच्या घरात कमरेइतके पाणी तीन दिवस उभे राहिले. आमची ताई त्या वेळी त्याच्याकडेच होती. ती मला म्हणाली, “अरे, पाणी चोरासारखं नाही आलं. आपलंच घर असल्यासारखं आलं.”

तिचे हे वाक्य ऐकले आणि मला महाभारतातली मयसभा आठवली. दुर्योधन तेथे जमिनीला पाणी समजून धोतर सावरतो आणि पाण्याला जमीन समजून आत पडतो, आपण हसतो. पण ती सभा बांधणारा मयासुर कोठून आला? खांडववन जाळले गेले तेव्हा त्या आगीतून अर्जुनाने ज्याला जीवदान दिले, तोच हा मय. रान जाळून राजधानी सजली, आणि रानातून वाचलेल्याने बांधलेल्या महालात जमीन कोणती आणि पाणी कोणते हे माणसाला कळेनासे झाले. खांडवातून आणखी एक जीव निसटला होता, तक्षकाचा मुलगा अश्वसेन. तो कितीतरी वर्षांनी कुरुक्षेत्रावर कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनावर आला. कथाकारांनी हा हिशेब मुद्दाम जुळवला असेल किंवा नसेल. पण जे रान गेले त्याची काही बाकी राहते, हे त्यांना जाणवले होते खास.

येथे तिसरा शब्द येतो, भरपाई. कायद्याने तिवरांची बाजू घेतली नाही असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर तिवरांच्या तोडीला मनाई केली. सरकारने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला, २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे आमच्याकडच्या त्या पुरानंतर दोनच महिन्यांनी, न्यायालयाने अंतिम निकाल दिला: कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, आणि सरकार ह्या संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे. पण त्याच निकालात सार्वजनिक हितासाठी अपवादाचे दार होते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या दारातून मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे गेली. मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतली सुमारे २२ हजार तिवरे तोडायला परवानगी मिळाली. बदल्यात कितीतरी पट नवी झाडे लावण्याचे आश्वासन देण्यात आले.

ही गोष्ट मी होळीच्या बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीण मावशींना सांगितली. चिंबोऱ्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, “मास्तर, एकाला पाच दिलं तर तुमचं गणित सुटतं. पण माझी चिंबोरी ते पाच झाडांचं गाव शोधायला जाणार आहे का?”

मावशींच्या ह्या प्रश्नात भरपाईची सगळी तत्त्वचर्चा आली आहे. गावात पंच बसून भरपाई ठरवत, तेव्हा तीन गोष्टी पाहत. एक, गेलेली वस्तू आणि दिलेली वस्तू एकमेकींच्या जागी चालतील अशा आहेत काय. गाईबद्दल गाय चालेल. पण मोडलेल्या नवसाच्या घंटेबद्दल दुसरी घंटा चालेल का, हे देवालाच विचारावे लागे. दोन, ज्याचे गेले त्यालाच ते मिळते आहे काय. तीन, तो ते घ्यायला राजी आहे काय. ह्यातली एकही गोष्ट नसेल, तर दिलेले दान होईल, दंड होईल. भरपाई होणार नाही.

आता हे तिवरांना लावून पाहा. रोपे मोजता येतात, रान मोजता येत नाही. त्याखालचा चिखल शतकानुशतके साठलेला असतो. तो कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. शिवाय तिवर जेथे उगवायचे तेथे, पाणी खेळते राहिले तर, आपले आपणच उगवते. आणि जेथे नाही तेथे लावून बहुधा जगत नाही. दुसरे, नवे रान दुसऱ्या खाडीवर उभे राहील. लाट मात्र ह्याच खाडीने येणार. भाच्याच्या खोलीत शिरलेले पाणी दुसऱ्या तालुक्यातल्या रोपांनी अडत नाही. वनखात्याच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०१९ मध्ये ३२० भरले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण बेरीज वाढली म्हणून वजाबाकी झालीच नाही असे होत नाही. एका घरात मूल जन्मले म्हणून दुसऱ्या घरातले सुतक फिटत नाही.

आणि तिसरे, राजी कोणी व्हायचे? मावशींना कोणी विचारले नाही. भाच्याच्या मुलांना विचारण्याइतकी ती मोठी नाहीत. खाडीला तर तोंडच नाही. म्हणजे देणाराच किंमत ठरवतो, देणाराच पावती लिहितो.

तळकोकणात ह्याच्या उलट चाल आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे गोड्या पाण्याचे दलदलीतले एक रान आहे. तेथली रानजायफळाच्या जातीची झाडे गुडघ्यासारखी मुळे चिखलातून वर काढून उभी असतात. सारे रान अडीच हेक्टरांच्या आसपास. २०२१ मध्ये सरकारने त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले. अशी राने आपल्याकडे फार थोडी उरली आहेत, आणि उरली ती बहुतेक देवराया म्हणून उरली. देवराईतली काठी हवी असेल तर देवाला कौल लावावा लागतो. कौल लावण्यावर माझी श्रद्धा आहे की नाही हा मुद्दा वेगळा. पण त्या चालीत एक मोठे शहाणपण आहे. कौलाला ‘नाही’ असे उत्तर येऊ शकते. आपल्या सगळ्या अर्जांत, अहवालांत आणि भरपाईच्या कोष्टकांत ‘किती’ हा प्रश्न असतो. ‘मुळात घ्यावे काय’ ह्या प्रश्नाला रकाना नसतो. खाडीच्या दुर्दैवाने आपल्या पूर्वजांनी तिवरांत देव बसवला नाही. म्हणून जे काम देवराईत देव करतो ते येथे माणसाच्या विवेकाला करावे लागणार.

कोणी म्हणेल, मास्तर, मग काय एकही झाड तोडू नये? रेल्वे नको, पूल नको, घरे नकोत? तसे माझे म्हणणे नाही. कधी कधी रान द्यावे लागेल. लोकांना खरोखर लागणाऱ्या वस्तूसाठी, दुसरी वाट नाही अशी खात्री करून, कमीत कमी जागा घेऊन ते द्यावे लागेल. पण त्या वेळी जे झाले त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी. तो तोटा आहे. नवी झाडे अवश्य लावावीत, पण ती लावून आपण सुटलो असे समजू नये. सुटलो असे वाटले की पुढच्या वेळी हात सहज उचलतो. तोटा झाला हे लक्षात राहिले तर तो जरा थबकतो. भरपाईच्या कल्पनेतला खरा धोका मला हा वाटतो. ती नुकसान भरून काढण्यापेक्षा मनातली टोचणी बुजवून टाकते. तीही एक भरावच टाकते म्हणा ना.

व्यापारी माणसे ह्या बाबतीत आपल्याहून जास्त चोख असतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी वही पुजतात, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. पण नवी वही उघडली म्हणून जुने देणे बुडाले असे कोणी मानत नाही. मागील बाकी पुढे ओढली जाते आणि मगच नवा जमाखर्च सुरू होतो. येत्या लक्ष्मीपूजनाला आपापल्या गावापुरती आपणही अशी एक ओळ लिहायला हरकत नाही. आपल्या घराखाली पूर्वी कोणती खाडी होती, जवळचा नाला कोठे मिळत होता, तिवरे कोठवर होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि मुलांना सांगून ठेवावे. जी खाडी अजून शिल्लक आहे तिच्या तोंडाशी कोणी रात्री राडारोडा टाकत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार लिहावी. बाकी फिटेल तेव्हा फिटेल. निदान ती वहीतून खोडली जाऊ नये.